लीजचा हप्ता आधी स्वतः काढा: गाडीच्या घसाऱ्यापासून कोटेशनपर्यंतचा हिशेब

गाडीच्या लीजचं (ठरलेल्या मुदतीपुरती हप्ता भरून गाडी वापरायची, शेवटी परत करायची किंवा विकत घ्यायची) कोटेशन हातात आलं की नजर थेट शेवटच्या ओळीवर जाते: महिन्याचा हप्ता किती? मग दुसऱ्या कंपनीचं कोटेशन मागवायचं, दोन हप्ते शेजारी ठेवायचे आणि कमी दिसेल तिथे सही करायची. माझ्याकडे कागद घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हेच केलेलं असतं, आणि बरेच जण सही झाल्यावर येतात. तेव्हा सांगण्यासारखं फार उरत नाही.

हप्ता हा हिशेबातला शेवटचा आकडा आहे. त्याच्या पोटात एक भाकीत दडलेलं असतं: ही गाडी तीन वर्षांनी केवढ्याला विकली जाईल? ते भाकीत कंपनीने केलेलं असतं, तिच्या सोयीने. तुमचं स्वतःचं भाकीत तयार नसेल तर तिचं बरोबर की चूक हे कशाच्या आधारावर ठरवणार? म्हणून क्रम उलटा करायचा. आधी घसारा, मग हप्ता, आणि कोटेशन सगळ्यात शेवटी उघडायचं.

खालच्या उदाहरणांतले आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. त्यांच्यापुढे चलन मुद्दाम लिहिलेलं नाही, तुमचं जे असेल ते धरा.

तयारी: बसण्याआधी टेबलावर काय हवं

गाडीचं नाव पुरेसं नाही. नेमकं व्हेरिएंट, इंधन, गिअरबॉक्स मॅन्युअल की ऑटोमॅटिक, हे एका ओळीत लिहून ठेवा. याच ओळीशी जुळणाऱ्या गाड्या पुढे शोधायच्या आहेत.

त्याखाली तीन किमती लिहा. पहिली, गाडी बनवणाऱ्या कंपनीची छापील किंमत. दुसरी घासाघीस करून प्रत्यक्ष ठरलेली किंमत. तिसरी, तीन वर्षांपूर्वी हेच व्हेरिएंट नवं असताना त्याची छापील किंमत काय होती ती. ही तिसरी किंमत कोणी शोधत नाही आणि पाचव्या टप्प्यावर तिच्यावाचून अडतं. तिन्ही किमती कर, नोंदणी आणि विमा वगळून लिहा. गाडी विकताना हे खर्च परत मिळत नाहीत, त्यामुळे ते घसाऱ्याच्या टक्केवारीत मिसळले की टक्केवारी बिघडते.

आणि तुमचं खरं रनिंग. अंदाजाने नाही. सध्याच्या गाडीच्या दोन सर्व्हिस बिलांवर किलोमीटर आणि तारीख दोन्ही असतात. वजाबाकी करा, महिन्यांनी भागा, बाराने गुणा. स्वतःचं रनिंग माणसं हमखास कमी सांगतात. मीही सांगत होतो.

टप्पा १: कोणता घसारा हवा आहे ते आधी ठरवा

घसारा हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, म्हणून गोंधळ होतो.

हिशेबाच्या वह्यांतला घसारा ठरलेल्या पद्धतीने चालतो. एक तर दरवर्षी सारखी रक्कम वजा होते, नाही तर उरलेल्या शिलकेवर ठरलेली टक्केवारी. तो कराच्या आणि ताळेबंदाच्या सोयीसाठी असतो, बाजाराशी त्याचं देणंघेणं नसतं. विम्यातला घसारा नुकसानभरपाई किती द्यायची यासाठी. तिसरा बाजारातला: आज ही गाडी विकायला काढली तर समोरचा किती मोजेल. लीजसाठी फक्त हा तिसरा कामाचा.

थांबा: अकाउंटंटने दिलेला घसाऱ्याचा दर घेऊन लीजचा हिशेब मांडला असेल तर तो कागद बाजूला ठेवा. दोन्ही आकडे योगायोगाने जुळू शकतात, पण त्या योगायोगावर तीन वर्षांचा करार करू नये.

टप्पा २: बाजारभाव गोळा करा

हिशेब इथेच बिघडतो. पुढचं गणित शाळकरी पोरही करील, पण कच्चा माल सडका असेल तर गणिताचा उपयोग नाही.

सेकंड-हँड गाड्यांच्या जाहिरातींतून तुमच्या व्हेरिएंटच्या, साधारण तीन आणि पाच वर्षं वयाच्या गाड्या शोधा. प्रत्येक वयाच्या किमान आठ-दहा तरी हव्यात. प्रत्येकीसाठी एक ओळ: पहिल्या नोंदणीचा महिना आणि वर्ष, किलोमीटर, कितवा मालक, मागितलेली किंमत, जाहिरात पाहिल्याची तारीख. वय नोंदणीच्या महिन्यापासून महिन्यांत मोजा. नुसतं वर्ष धरलं तर जानेवारीची आणि डिसेंबरची गाडी एकाच खात्यात पडतात, आणि दोघींत जवळजवळ वर्षाचं अंतर असतं.

अपघात झालेली, टॅक्सी म्हणून चाललेली, मोठे बदल केलेली गाडी यादीतून काढा. उरलेल्यांची सरासरी काढू नका. किमती चढत्या क्रमाने लावून मधली किंमत घ्या. एखादा हौशी मालक अवाच्या सवा किंमत लावून बसलेला असतो आणि तो एकटा सरासरी वर ओढतो. मधल्या किमतीला त्याचं सोयरसुतक नसतं.

आता मुख्य अडचण. जाहिरातीतली किंमत मागितलेली असते, मिळालेली नसते. यावर माझा साधा उपाय आहे. आज यादी करा आणि पंधरा दिवसांनी त्याच जाहिराती पुन्हा उघडा. काही गायब झालेल्या असतील, काहींची किंमत उतरलेली असेल, काही जशाच्या तशा पडून असतील. ज्या गायब झाल्या त्यांची किंमत बाजाराच्या सर्वांत जवळची. ज्या पडून आहेत त्यांचा भाव कोणालाच मान्य नाही, त्यांना यादीत कमी वजन द्या. हे एकदा केलं की मागितलेल्या आणि मिळणाऱ्या किमतीतली फट किती धरायची याचा अंदाज येतो. उदाहरणात मी ५ टक्के धरतो.

समजा नव्या गाडीची आजची छापील किंमत १२,००,०००. तीन वर्षांच्या गाड्यांची मधली मागणी ७,२०,०००, पाच वर्षांच्यांची ५,४०,०००. ५ टक्के वजा केल्यावर अनुक्रमे ६,८४,००० आणि ५,१३,०००. नव्या किमतीच्या ५७ टक्के आणि ४२.७५ टक्के.

तपासा: यादीत मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक मिसळल्या नाहीत ना? पहिल्यांदा हा हिशेब केला तेव्हा मी नेमकी हीच चूक केली होती. तीन वर्षांच्या यादीत ऑटोमॅटिक जास्त आल्या, पाच वर्षांच्या यादीत मॅन्युअल, आणि घसारा भलताच मोठा दिसायला लागला. घटलेलं मूल्य वयाचं नव्हतंच, गिअरबॉक्सचं होतं.

टप्पा ३: घसाऱ्याची चाल काढा

नवी गाडी १०० आणि तीन वर्षांनी ५७, म्हणजे ४३ गेले. भागिले तीन, वर्षाला १४.३. असा हिशेब पुष्कळ जण करतात. गाडीची किंमत अशी एकसारख्या पायऱ्यांनी उतरत नाही. दरवर्षी उरलेल्या किमतीतला एक हिस्सा जातो, आणि पहिल्या वर्षी तो हिस्सा मोठा असतो. नवी म्हणून मोजलेला जास्तीचा पैसा शोरूमच्या दारातच राहतो.

हे आपल्याच आकड्यांतून वेगळं काढता येतं. आधी तिसऱ्या आणि पाचव्या वर्षामधली चाल पाहा. ५,१३,००० भागिले ६,८४,००० म्हणजे ०.७५. हे दोन वर्षांत झालं, म्हणून वर्गमूळ घ्या: ०.८६६. म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीतले साधारण १३.४ टक्के जातात.

आता मागे या. तिसऱ्या वर्षाअखेर ५७ टक्के उरले. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीही हीच चाल होती असं धरलं, तर पहिल्या वर्षाअखेर ५७ भागिले ०.७५, म्हणजे ७६ टक्के. पहिल्या वर्षाचा फटका २४ टक्के, पुढे वर्षाला १३.४.

हे दोन आकडे मिळाले की कुठल्याही वर्षाची किंमत काढता येते. चौथ्या वर्षाअखेर: ६,८४,००० गुणिले ०.८६६, सुमारे ५,९२,०००. दोन, तीन, चार वर्षांच्या लीजची तुलना करायची असेल तर हेच गणित लागतं. लीज छोटी घेतली तर पहिल्या वर्षाचा फटका कमी महिन्यांत वाटला जातो आणि हप्ता फुगतो. चोवीस महिन्यांचं कोटेशन छत्तीसपेक्षा महाग का, याचं मोठं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

यादी मोठी असेल, तीसचाळीस गाड्यांची, तर स्प्रेडशीटमध्ये किमतींचा नैसर्गिक लॉगरिदम घेऊन वयासमोर सरळ रेषा बसवा. रेषेच्या उतारावरून वार्षिक घट मिळते. फक्त वर्षाच्या आतल्या गाड्या त्यात घालू नका. त्या रेषा वाकवतात.

तपासा: काढलेल्या दरांनी पाचव्या वर्षाची किंमत पुन्हा मांडून बघा. १२,००,००० × ०.७६ × ०.८६६ चार वेळा. ५,१३,००० च्या आसपास आलं पाहिजे. आलं नाही तर कुठेतरी वर्षं मोजण्यात एक इकडेतिकडे झालंय.

टप्पा ४: किलोमीटरचा हिशेब वेगळा मांडा

वय आणि किलोमीटर एकत्र वाढतात, म्हणून दोघांचा परिणाम एकमेकांत अडकतो. सोडवायचा असेल तर वय स्थिर ठेवा. तीन वर्षांच्याच गाड्यांत कमी चाललेल्या आणि जास्त चाललेल्या असे दोन गट करा. समजा ३०,००० किलोमीटरच्या आसपासची मधली किंमत ७,५०,००० आणि ६०,००० च्या आसपासची ६,९०,०००. तीस हजार किलोमीटरला ६०,००० चा फरक. म्हणजे एका किलोमीटरला बाजार २ कापतो.

हा आकडा जपून ठेवा. लीजच्या करारात वर्षाची किलोमीटर मर्यादा असते आणि ती ओलांडली की दर किलोमीटरला दंड. समजा मर्यादा वर्षाला १५,००० आणि दंड ५. तुम्ही वर्षाला २०,००० चालवलीत, तीन वर्षांत १५,००० किलोमीटर जास्त, दंड ७५,०००. त्याच किलोमीटरमुळे गाडीचं बाजारातलं नुकसान मात्र ३०,०००.

थांबा: मर्यादा कमी ठेवली की हप्ता छान दिसतो. रनिंग जास्त असेल तर सुरुवातीलाच वरची मर्यादा मागा. आधी विकत घेतलेले किलोमीटर बहुधा शेवटच्या दंडापेक्षा स्वस्त पडतात, पण दोन्ही दर लेखी घेऊन स्वतः ताडून बघा. न वापरलेले किलोमीटर परत मिळतात का हेही विचारा, बहुतेक करारांत मिळत नाहीत.

टप्पा ५: मुदतीअखेरची किंमत एकच आकडा धरू नका

लीजच्या भाषेत हिला रेसिड्युअल म्हणतात: करार संपेल तेव्हा गाडीची धरलेली किंमत.

आपण ५७ टक्के काढले ते आजच्या नव्या किमतीच्या तुलनेत. पण आज तीन वर्षांची असलेली गाडी मालकाने १२,००,००० ला घेतलेली नव्हती. समजा तेव्हाची छापील किंमत १०,८०,००० होती. त्या हिशेबाने त्याच्याकडे ६३ टक्के उरले. मग ५७ बरोबर की ६३?

दोन्ही बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीच्या भावाला बांधलेला असतो, कारण घेणारा दोन्ही शेजारी ठेवून बघतो. म्हणून तीन वर्षांनी तुमच्या गाडीची किंमत ही तीन वर्षांनंतरच्या नव्या गाडीच्या ५७ टक्के असेल, आजच्या नाही. तेव्हा नवी केवढ्याला असेल हे कोणाला ठाऊक नाही, तर तीन शक्यता मांडा:

- नवी गाडी मागच्या तीन वर्षांइतकीच वाढली, म्हणजे सुमारे १३,३३,०००: तुमची गाडी ७,६०,०००.
- नवी आहे तिथेच राहिली: ६,८४,०००.
- नवी १० टक्क्यांनी उतरली: ६,१५,६००.

तिसरी शक्यता हसण्यावारी नेऊ नका. २०२३ मध्ये टेस्लाने नव्या गाड्यांच्या किमती अनेकदा उतरवल्या आणि जुन्या टेस्लांचे भाव त्यांच्यासोबत खाली आले. हर्ट्झ या भाड्याने गाड्या देणाऱ्या अमेरिकी कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये सुमारे २०,००० इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्याचं जाहीर केलं आणि त्यापोटी सुमारे २४.५ कोटी डॉलरचा जादा घसारा दाखवला. गाड्यांची खरेदी-विक्री हा ज्यांच्या धंद्याचाच भाग, त्यांचं भाकीत इतकं चुकतं. उलटही होतं. २०२१ मध्ये चिपच्या तुटवड्यामुळे नव्या गाड्या मिळेनात तेव्हा जुन्यांचे भाव अनेक देशांत चढले, आणि आधी केलेल्या लीजमधले रेसिड्युअल बाजारापुढे केविलवाणे दिसू लागले.

मॉडेलचं नवं रूप येऊ घातलं असेल तर मधला आकडाही खाली ओढा. किती, ते मागचं रूप बदललं तेव्हा जुन्याचा भाव किती पडला यावरून ठरवा.

कंपनीचा रेसिड्युअल तुमच्या मधल्या आकड्यापेक्षा कमी असेल तर लगेच लूट म्हणू नका. कंपनी परत आलेल्या गाड्या घाऊक लिलावात विकते, जाहिरात देऊन एकेक नाही. तिला मिळणारा भाव किरकोळ भावापेक्षा कमीच असतो.

टप्पा ६: हप्ता काढा

हप्त्याचे दोन भाग. पहिला घसाऱ्याचा, दुसरा गुंतलेल्या पैशाच्या व्याजाचा. कर जिथे जसा असेल तसा नंतर.

आधी कराराची रक्कम ठरवा. ठरलेली किंमत ११,४०,०००. त्यात कंपनीचे सुरुवातीचे शुल्क २०,००० मिळवा. तुम्ही आगाऊ देत असलेले ६०,००० वजा करा. राहिले ११,००,०००.

रेसिड्युअल समजा कंपनीने ५० टक्के धरला आहे. कशाच्या ५० टक्के? साधारणपणे छापील किमतीच्या, ठरलेल्या किमतीच्या नाही. १२,००,००० चे निम्मे ६,००,०००. इथे ११,४०,००० चे निम्मे धरले तर ५,७०,००० येतात आणि हप्ता महिन्याला सुमारे ७१३ ने चुकतो. कोटेशन जुळत नाही म्हणून डोकं खाजवत बसलेल्या निम्म्या लोकांची चूक इथेच सापडते.

घसाऱ्याचा भाग: (११,००,००० − ६,००,०००) ÷ ३६ = १३,८८९.

व्याजाचा भाग: काही देशांत, विशेषतः अमेरिकेत, यासाठी मनी फॅक्टर नावाचा छोटा दशांश वापरतात. वार्षिक व्याजदराला २४०० ने भागलं की तो मिळतो. ९.६ टक्क्यांसाठी ०.००४. मग (११,००,००० + ६,००,०००) × ०.००४ = ६,८००.

एकूण हप्ता २०,६८९.

दुसऱ्या सूत्रात बेरीज पाहून सगळे अडखळतात. रेसिड्युअल वजा व्हायला हवा, मिळवायचा कशाला? याचं उत्तर असं. कंपनीचा पैसा अख्ख्या गाडीत अडकलेला आहे, फक्त घसाऱ्यात नाही. सुरुवातीला ११ लाख अडकलेत, शेवटी ६ लाख. सरासरी साडेआठ लाख. वर्षाला ९.६ म्हणजे महिन्याला ०.८ टक्के, आणि साडेआठ लाखांचे ०.८ टक्के ६,८००. सरासरीसाठी दोनने भागणं, वर्षाचे महिने करण्यासाठी बाराने, टक्क्यांसाठी शंभराने: २ × १२ × १०० = २४००. जादू एवढीच.

ही सोपी रीत झाली. चक्रवाढीने काटेकोर काढलं तर हप्ता महिन्याच्या शेवटी भरल्यास २०,८४० आणि महिन्याच्या सुरुवातीला भरल्यास २०,६७४ येतो. लीजचे हप्ते बहुधा सुरुवातीला घेतात, त्यामुळे सोपी रीत पुरेशी जवळ जाते. कोटेशनमधला आकडा तुमच्यापेक्षा शंभर-दीडशेने वेगळा आला तर भांडायला जाऊ नका. हजाराने वेगळा आला तर जा.

थांबा: ०.००४ पाहून "व्याज अर्धा टक्कासुद्धा नाही" असं वाटून घेऊ नका. काही जण तो सोयीसाठी नुसता ४ असाही लिहितात, मग वाचणारा ४ टक्के समजतो. दोन्ही चूक. तो ९.६ टक्के आहे.

टप्पा ७: आता कोटेशन उघडा आणि उलट उलगडा

कोटेशनमधून चार आकडे मागा: कराराची रक्कम, रेसिड्युअल, महिने, व्याजदर. पहिले तीन सहसा मिळतात. चौथ्यावर विक्रेता घुटमळतो. हरकत नाही, तो आपण काढू.

हप्ता २०,६८९ आहे. त्यातून घसाऱ्याचे १३,८८९ वजा केले, राहिले ६,८००. भागिले १७,००,०००, म्हणजे ०.००४. गुणिले २४००, म्हणजे ९.६. करारात व्याजाची नुसती एकूण रक्कम दिली असेल, समजा २,४४,८००, तर आधी तिला ३६ ने भागा आणि पुढे हेच करा. हप्त्यात कर मिळवलेला असेल तर तो आधी काढून टाका, नाहीतर व्याज उगाच जास्त दिसेल.

मग कराराचा घसारा तुमच्या घसाऱ्याशेजारी ठेवा. कंपनी म्हणते गाडी ११,४०,००० वरून ६,००,००० वर येईल, म्हणजे ५,४०,००० जातील. तुमच्या मधल्या अंदाजाने ६,८४,००० वर, म्हणजे ४,५६,०००. मधले ८४,००० ही कंपनीने स्वतःसाठी ठेवलेली उशी. थोडी उशी रास्त आहे, लिलावाचं आधी सांगितलंच. पण इथेच घासाघीस करता येते, आणि ती हप्त्यावर नाही, आकड्यांवर करायची. रेसिड्युअल ६०,००० ने वाढला, म्हणजे ५५ टक्के झाला, तर हप्ता १,४२७ ने उतरतो. रेसिड्युअल हलत नसेल तर गाडीची किंमत हलवा, तीही हलत नसेल तर व्याज.

नुसता "हप्ता कमी करा" म्हटलं तर तो कमी होतोच. महिने वाढवून, किलोमीटर कापून किंवा आगाऊ रक्कम वाढवून.

एक उपप्रश्न नेहमी येतो: वाढवलेला रेसिड्युअल आपल्या फायद्याचा की तोट्याचा? गाडी परत करणार असाल तर फायद्याचा, वरच्या उदाहरणात ३६ महिन्यांत ५१,३६० वाचतात. शेवटी तीच गाडी विकत घेणार असाल तर तेव्हा ६०,००० जास्त मोजावे लागतील, म्हणजे थोडा तोटाच. शेवटी काय करणार हे आज ठरलेलं नसेल तर मी वाढीव रेसिड्युअलच्या बाजूने झुकतो. भाव पडण्याची जोखीम मग कंपनीकडे जाते.

पण ही जोखीम खरंच कंपनीकडे जाते का, हे करारात वाचा. काही करारांत विक्रीची किंमत रेसिड्युअलपेक्षा कमी आली तर फरक तुम्ही भरायचा असं कलम असतं. त्या करारात फुगवलेला रेसिड्युअल ही भेट नाही, उधारी आहे.

टप्पा ८: दोन कोटेशनं एका मापात आणा

पहिल्या कंपनीचं कोटेशन: आगाऊ ६०,०००, हप्ता २०,६८९, शेवटचं परतीचं शुल्क १०,०००. दुसरीचं: आगाऊ काही नाही, हप्ता २२,०००, परतीचं शुल्क तेच. पहिली स्वस्त वाटते ना?

सगळं जमा करा. पहिली: ६०,००० + ७,४४,८०४ + १०,००० = ८,१४,८०४. भागिले ३६, महिन्याला २२,६३३. दुसरी: ७,९२,००० + १०,००० = ८,०२,०००, महिन्याला २२,२७८. दुसरी महिन्याला ३५५ ने स्वस्त. अर्थात महिने, किलोमीटर मर्यादा आणि देखभाल-विमा आत की बाहेर हे दोन्हीकडे सारखं असेल तरच ही तुलना खरी.

आगाऊ रकमेबद्दल माझं मत स्पष्ट आहे: जितकी कमी तितकी बरी. पहिल्या कोटेशनमध्ये ६०,००० आगाऊ दिल्याने तीन वर्षांत हप्त्यांचे ६८,६४० वाचतात हे खरं. पण दुसऱ्याच महिन्यात गाडी चोरीला गेली किंवा अपघातात भंगारात निघाली, तर विम्याची भरपाई कंपनीला जाते, आणि आगाऊ दिलेले पैसे अनेक करारांत परत मिळत नाहीत. जुन्या गाडीच्या कर्जाचा शिल्लक बोजा नव्या लीजच्या रकमेत मिसळणं तर त्याहून वाईट. तो घसारा नाही, व्याज नाही, तरी हप्त्यात तीन वर्षं मुकाट राहतो.

करार मध्येच सोडायचा झाल्यास काय लागतं, हे सही करण्याआधी आकड्यांत लिहून मागा, बाराव्या आणि चोविसाव्या महिन्यासाठी वेगवेगळं. पहिल्या वर्षाचा फटका २४ टक्के आहे हे आपण पाहिलं. हप्ते मात्र सारखे आहेत. म्हणजे सुरुवातीच्या काळात तुम्ही हप्त्यांतून भरलेल्या घसाऱ्यापेक्षा गाडीची किंमत जास्त पडलेली असते, आणि ती फट कंपनी बाहेर पडणाऱ्याकडूनच वसूल करते.

टप्पा ९: मुदत संपायच्या तीन महिने आधी

तेहेतिसाव्या महिन्यात टप्पा २ पुन्हा करा. तीच यादी, तेच पंधरा दिवस, पण आता भाकीत नाही, खरा भाव. तुमच्या किलोमीटरप्रमाणे तो वरखाली करा.

करारात ठरलेल्या रेसिड्युअलला गाडी विकत घेण्याचा हक्क असेल तर फरक मोजा. बाजारभाव ६,८४,०००, करारात ६,००,०००. वरचे ८४,००० तुमच्या पदरात पडू शकतात, नावावर करण्याचा खर्च आणि विकत घेण्याचं शुल्क वजा करून. किलोमीटरची मर्यादा ओलांडली असेल तर हिशेब आणखी बदलतो. गाडी विकत घेतली की तो दंड बहुतेक करारांत लागत नाही, म्हणून वरच्या उदाहरणातले ७५,००० सुद्धा तुमच्या बाजूच्या रकान्यात मांडा. बाजारभावातून मात्र जादा किलोमीटरचे ३०,००० आधी कापा.

बाजारभाव ६,००,००० च्या खाली असेल आणि किलोमीटरचा दंडही लागणार नसेल तर परत करा. परत करण्याआधी दिवसाउजेडी चारही बाजू, चारही टायर, सीट, डिकी आणि किलोमीटरचा आकडा यांचे फोटो काढा. बारीक ओरखडे आणि टायरची झीज "सामान्य वापर" मानायची की नुकसान, याची व्याख्या अनेक करारांत मिलिमीटर-सेंटिमीटरमध्ये दिलेली असते. ती पट्टी घेऊन स्वतः मोजा. बंपरवरचा एखादा पोचा बाहेरच्या गॅरेजमध्ये काढून घेणं कंपनीच्या दरापेक्षा स्वस्त पडत असेल तर आधीच काढून घ्या, आणि त्याचं बिल त्या फोटोंसोबत ठेवा.